दसऱ्याच्या चिंध्या

कुलपं, बिजागऱ्या, चाकं झिजायची बंद होऊन वीस वर्षं झाली होती. प्रत्येक धातूवर आता निर्झीज लेप असे. आजोबांची किल्ली नातवालाही कोरीच मिळे. त्यामुळे लोकांना झिजलेल्या वस्तूंचा पुळका आला होता, आणि वस्तूची झीज भरून देणाऱ्या साताऱ्याच्या परतझीज केंद्रात रांग लागे. कुणाच्या हातात अडकित्ता, कुणाच्या सायकलची घंटी. चालू होत्या तेव्हा याच वस्तूंना हीच माणसं शिव्या घालायची, हे तेजश्रीआजी माळवदे विसरल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीत शिंप्याची कात्री होती आणि बिस्किटांच्या डब्यात त्रेपन्न चिंध्या.

"या कशाला?" डॉक्टर खर्डेकरांनी विचारलं.

"दसऱ्याला कात्री पुसून पुजायची आमच्यात. ती चिंधी हे टाकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, कात्रीचा वर्षभराचा घाम आहे. मी म्हणायची, मळ आहे. पण हे गेल्यावर मीही ठेवत गेले. बावीस त्यांच्या, एकतीस माझ्या. मोजून घ्या."

डॉक्टर हरखले. "आजी, मळ नव्हे हा. पाती एकमेकांवर घासली की दोन्हींच्या अंगाचे कण सुटतात, डोळ्याला न दिसणारे. कण जिथून सुटला, त्या खड्ड्यात तोच बसतो, दुसरा नाही. शेवटी सुटलेला आम्ही आधी बसवतो, मग त्याच्या आधीचा. असं मागं मागं जायचं. कुठं थांबू?"

"ह्यांच्या शेवटच्या दसऱ्यापाशी. एकदा लावली की कापडाच्या टोकापर्यंत सर्रर्र! आख्ख्या गल्लीला कळायचं, माळवदे कामाला बसले. माझ्या हातात नुसती कचकच करते मेली."

"पण तुमची एकतीस वर्षं पुसली जातील. वरून लेप चढेल, म्हणजे पुन्हा झिजायची नाही. कात्री तुमच्या हाताची राहणार नाही."

"माझ्या वर्षांत होतं काय? शाळेचे गणवेश अन् उशांचे अभ्रे. घाला आत."

डॉक्टर डाव्या हातानं अर्ज भरू लागले. आजींनी चष्मा सरसावला. "डावरे का तुम्ही? हेही डावरेच."

आठवड्यानं आजींनी केंद्रातल्याच टेबलावर पांढरं पॉपलीन अंथरलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री लावली. कापड कापलंच नाही. पात्यांमध्ये दुमडून बसलं. पुन्हा लावली. पुन्हा तेच. यजमान गेल्यानंतरचे पहिले सहा महिने त्यांना आठवले. तेव्हाही ती असंच कापड चावायची, आणि आजी रडत रडत तिला चालवायच्या.

"डाव्या हाताचा रेटा पात्यांना उलटा बसतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "बावीस वर्षं ती त्या रेट्यानं घडली. तुम्ही तिला उजवी केली होतीत."

"मग करीन पुन्हा."

"ती आता झिजत नाही, आजी."

आजींनी कात्री डॉक्टरांच्या डाव्या हातात दिली. "कापा."

"मला कुठं येतंय?"

"रेघ आहे ना? तिच्यावरनं चालायचं. घाबरताय काय, माझ्या लग्नाचा शालू नाही तो."

सर्रर्र.

आजींनी डोळे मिटले. "अजून एकदा," त्या म्हणाल्या. मग अजून एकदा. पॉपलीन संपलं, तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी पदर पुढे केला.