हाताचा वास

विडीच्या तंबाखूचा वास एकदा हाताला लागला की तो साबणाच्या बापालाही काढता येत नाही, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नाही. तानुबाईच्या हाताला तो परकर नेसायच्या वयापासून होता. आईच्या सुपात हात घालून ती विड्या वळायला शिकली. तेव्हाच कात्री लागून तिचं अंगठ्याचं नख दुभंगलं, आणि तेव्हापासून तिच्या विडीचं तोंड जरासं डावीकडं मुडपलं जाई. शंभर विड्यांत तिची विडी ओळखू यायची.

तिचा नवरा रवळू तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होता. तिथल्या धुळीनं त्याची छाती धरली. आता घरीच सांभाळा, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यानंतर तानुबाईचा हात जवळ आला की त्याला खोकल्याची उबळ यायला लागली. पाणी पाजायचं तरी ती हाताला पदर गुंडाळून पाजायची. ज्या हातांनी घर चाललं, त्याच हातांचा माणसाला त्रास व्हावा, याचं तिला फार वाईट वाटे.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. बेळगावच्या टिळकवाडीतल्या जयाबाई म्हणून एक निवृत्त नर्स होत्या. त्यांनी निपाणीत एका बंद पडलेल्या शाळेत अशा माणसांसाठी जागा काढली होती. सकाळी माणूस आणून सोडायचं, दिवे लागायच्या आधी परत न्यायचं. तिथं अंग पुसत, पेज भरवत, दुखणं दबायची गोळी देत. रात्रंदिवस उशाशी बसून पिचलेल्या घरच्या माणसांना तेवढीच उसंत. लोक त्याला दिवसाचं घर म्हणत. जयाबाई बोलायला मऊ, पण एका बाबतीत कुणाचं ऐकत नसत. तंबाखूचे हात आतल्या खोलीत चालायचे नाहीत. बायकांची मजुरी बुडू नये म्हणून मागच्या व्हरांड्यात सुपं घेऊन बसायला मात्र त्यांची ना नव्हती. तेव्हा रवळू आत, तानुबाई बाहेर आणि मधे भिंत.

पहिल्याच दिवशी रवळूनं तिचा पदर धरला.

"मी जाताना तू जवळ पायजेस, तानू. भिंतीपल्याड न्हाय."

तिनं शब्द दिला. संध्याकाळी ती त्याला टांग्यात बसवायला गेली, तर तो पुष्कळ दिवसांनी हसला. दुपारभर हात धरून बसलीस, लई बरं वाटलं, म्हणाला. मी तर बाहेर होते की, असं ती म्हणाली, तर त्यानं मानच हलवली.

"तूच हुतीस. हाताला वास न्हवता, एवढंच."

गोळीची गुंगी असेल, असं तानुबाईनं मनाला समजावलं. पण दोन-चार दिवसांनी जयाबाईंनीच तिला बाजूला घेतलं. नवऱ्यापाशी बसता ते चांगलंच, पण आत येताना मला विचारत चला, म्हणाल्या. तानुबाई गांगरली. शेजारी बसणाऱ्या मालुबाईनं तिची बाजू घेतली. ही माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असते, पाण्यालासुद्धा उठत नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं. जयाबाईंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग त्यांनी तानुबाईच्या खांद्यावरचं ठिगळ नुसतं बोटानं चाचपलं, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तानुबाई उठली आणि खिडकीशी गेली. गज उन्हानं तापले होते. आत रवळूच्या खाटेशी एक बाई पाठमोरी बसली होती. अंबाडा तिच्यासारखाच एका बाजूला कललेला, चोळीच्या खांद्यावर तेच ठिगळ. त्या बाईनं रवळूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि रवळू शांत झोपला होता. खोकला नाही, धाप नाही.

तानुबाईला भीती वाटायला हवी होती. तिला आधी हेवा वाटला.

रवळूची तब्येत पुढं खालावतच गेली. एका सकाळी त्याच्या श्वासाला घरघर लागली, तेव्हा ती टांग्यातून उतरली आणि सरळ नळावर गेली. सूप तिनं मालुबाईच्या शेजारी ठेवून दिलं. शिकेकाई लावली, राख लावली, साबण लावला, कातडी सोलवटेपर्यंत हात घासले. मग जयाबाईंना विचारून ती आत गेली. त्यांनी हात हुंगून पाहिले आणि वाट सोडली.

खाटेशेजारचं स्टूल रिकामं होतं. ती बसली, तेव्हा ते कोमट लागलं.

तिनं रवळूचा हात हातात घेतला. त्याला खोकला आला नाही. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं निरखून बघितलं.

"तू व्हय?"

"मीच हाय, अवो."

त्याचं समाधान झालं. दुपार कलायच्या सुमाराला त्याचा हात तिच्या हातात सैल पडला. तिला रडू फुटलं, पण शब्द पाळला गेला होता, आणि तेवढ्या एका गोष्टीनं तिला हलकं वाटलं.

बऱ्याच वेळानं ती मालुबाईला सांगायला व्हरांड्यात गेली.

मालुबाई तिला बघून भिंतीला टेकली. तिच्या बोटांतलं विडीचं पान खाली पडलं.

"तू परत कवा आलीस गं?"

"कुठनं?"

"सकाळपास्नं हितं माझ्याजवळ विड्या वळत बसलीस. आन् मगाशी सूप उचलून घराकडं गेलीस की."

तानुबाईच्या जागेवर सूप नव्हतं. फरशीवर सांडलेल्या चार विड्या होत्या. चारींचं तोंड जरासं डावीकडं मुडपलेलं होतं.

ती खाली बसली. मालुबाईच्या सुपातली चिमूटभर तंबाखू घेऊन तिनं तळहातावर चोळली. आणखी चिमूटभर घेतली, पुन्हा चोळली.

मग हात नाकाशी नेला.

वास आला नाही.