मशीनला कसली लाज!

त्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसायला जागाच नव्हती. हातात ट्रे घेऊन मी ताटकळत उभी... तेवढ्यात खिडकीपाशी बसलेला एक उंच, चष्मेवाला तरुण उठला आणि त्याने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बसा ना. ‘नुसता टक लावून काय बघतोस, गधड्या, आधी तिला खुर्ची दे’... बरोबर ना?”

माझा ट्रे कलंडता कलंडता राहिला. कारण ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा! आणि ते मी कुठल्या माणसाला नव्हे, एका मशीनला लिहिलं होतं.

आमच्याकडे फोनवर ऐकायच्या प्रेमकथा तयार होतात. पूर्वी त्या आम्ही लिहायचो. मग मशीन आलं, लिहिणारे एकेक करून गेले, आणि मी उरले ती मशीनच्या प्रकरणांत माणूसपण आहे का ते तपासायला. खटकलं की समासात शेरा मारायचा. शेरे वाचून मशीन शिकतं, असं साहेब सांगायचे. मग काय, मशीनला कसली लाज! मी मनात येईल ते लिहायची. ‘तिच्या डोळ्यांचं कौतुक पुरे, ती जेवली का ते विचार.’ ‘ठरलेलं लग्न मोडल्यावर मुलगी खिडकीत बसून गाणी म्हणत नाही रे, कपाट आवरते. मला विचार.’ आणि नवल म्हणजे, पुढच्या प्रकरणात नायक खरंच विचारायचा... जेवलीस का?

मी ताईला सांगितलंसुद्धा, की मला बहुतेक ते मशीन आवडायला लागलंय. ती म्हणाली, “कर की लग्न. निदान सासू तरी नसेल.”

आणि आता हा!

“तुम्ही... माझे शेरे वाचता?”

“खालच्या मजल्यावर मशीन मीच चालवतो.” त्याने आवाज खाली आणला. “म्हणजे मशीन लिहितं... आणि मी ते टाकून देतो. पहिल्याच प्रकरणावर तुम्ही विचारलं होतंत, ‘हे लिहिणाऱ्याला कधी कुणी जवळ घेतलंय का?’ मला हसू आलं. मग वाटलं, उत्तर द्यावं. पुढचं प्रकरण मीच लिहिलं. मग... पुढची सगळीच.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळी? म्हणजे ते कपाट... आणि ‘या नायकाला भेटायला मी चपला न घालता धावेन’ हेसुद्धा? कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या तापल्या.

“तुम्हाला काही वाटत नाही?”

“समासात तर ‘तू’ म्हणता,” तो म्हणाला. “‘तुम्ही’ ऐकून भीती वाटते.”

मला हसूही येत होतं आणि रागही. मी रागाला पुढे केलं, पण काही बोलणार तोच साहेब आले. खुशीत होते.

“बरं झालं भेटलीस! अगं, मशीन काय तयार झालंय! आता तपासायला कुणी नको. पुढच्या महिन्यापासून तू मोकळी.”

मोकळी! या माणसाने माझ्यासाठी इतकं छान लिहिलं, की माझीच नोकरी गेली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गप्प राहिला असता, तर त्याला कुणी हात लावला नसता.

“साहेब,” तो म्हणाला, “ती प्रकरणं मशीनची नाहीत. माझी आहेत.”

साहेब हसले. मग हसायचे थांबले. “आणि मशीन?”

“मशीनचा नायक मागच्या आठवड्यात वारला, साहेब. तरी अजून कॉफी पितोय.”

साहेब मटकन खाली बसले. मग त्याच्याकडे न बघताच म्हणाले, “तू निघ. आत्ताच्या आत्ता.” आणि मला म्हणाले, “तू राहा. त्या मेलेल्याचं काय ते बघ.”

माझी नोकरी वाचली आणि त्याची गेली. मला जेवण गेलं नाही. खांद्याला बॅग अडकवून तो निघाला, तसं मी त्याला जिन्यात गाठलं.

“कशाला बोललात? गप्प बसता येत नव्हतं?”

“तुम्ही गेल्यावर लिहिणार कुणासाठी?” तो थांबला. चष्मा काढून पुसला, परत घातला. “मला म्हणायचं होतं की... तुमच्या शेऱ्यांच्या प्रकाशात माझ्या अंतःकरणातला अंधार—”

“शी! खोड ते,” मी म्हणाले. “साधं बोल.”

‘तू’ माझ्या तोंडून निसटून गेलं होतं. तो दचकला. त्याच्याहून जास्त मी दचकले.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला.

एवढंच? इतकी वर्षं हजारो पानांत मी ज्याच्यावर लाल रेघा ओढत होते, ते एवढंसं असतं? शेरा मारल्याशिवाय मी कुणाचं एक वाक्य पुढे जाऊ दिलं नव्हतं. पण यात काय दुरुस्त करायचं, ते मला काही केल्या सुचेना.