बक्षिसाच्या दिवशी गायब झालेली पाटी

"मी सांगते, यंदा आपले आजोबाच!" चिंगीने जिन्याच्या कठड्यावर थाप मारली.

"हॅ! गेल्या वर्षीही हेच म्हणाली होतीस," लंबू म्हणाला. "बाबा सांगतात, यंदा तो बेटावरचा कवी नक्की."

"त्याचं नाव घेऊन दाखव!"

लंबूने तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा निराळंच नाव निघालं. चिंगीचा धाकटा भाऊ गोटू हसून हसून पायरीवर लोळला.

सुट्टी लागल्यापासून इमारतीत दुसरा विषयच नव्हता. जगातलं साहित्याचं सगळ्यांत मोठं बक्षीस आज दुपारी जाहीर होणार होतं आणि ते कोणाला मिळू शकेल, त्या नावांत पहिल्या मजल्यावरच्या लेखकआजोबांचं नाव दरवर्षीप्रमाणे छापून आलं होतं. त्यांची पुस्तकं वाचलेली माणसं इमारतीत शोधून सापडली नसती, पण अंदाज मात्र ज्याच्या त्याच्या खिशात तयार! सगळ्यांत जोरात होते तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरीकाका. यंदाच राहायला आले आणि आल्या आल्या इमारतीचा कारभार बघायला लागले. आजोबांना न विचारता त्यांनी टीव्हीवाल्यांना बोलावूनही टाकलं होतं.

"अरे, पाटी कुठाय?" गोटू किंचाळला.

आजोबांच्या दारावरची पितळी पाटी गायब! नुसती चार भोकं उरली होती.

"चोरी!" लंबूचे डोळे चमकले. "बक्षीस मिळालं की पाटीला भाव येणार. कोणीतरी आधीच हात मारला!"

"आणि हे बघा, रक्त!" गोटूने खाली बोट दाखवलं.

उंबऱ्यावर दोन थेंब होते, अजून ओले.

"चोराच्या हाताला लागलंय," चिंगी म्हणाली. "चला, बोटं तपासू!"

दूधवाल्याची बोटं पाहिली. तो म्हणाला, "बघताच आहात तर नखंही कापून द्या!" सेक्रेटरीकाका जिन्यातले दिवे पुसत होते. "मला इथे श्वास घ्यायला वेळ नाही आणि तुमचे पोरखेळ!" म्हणून ते खेकसले, पण त्यांचीही दहा बोटं धड होती. मग ते फुलांचा गुच्छ आणायला निघून गेले.

तिघं हिरमुसून परत दाराशी आले. तेवढ्यात चिंगीला कोपऱ्यात एक वाटी दिसली. वाटीत पाटीचे चारही स्क्रू होते.

"काय रे, चोर स्क्रू वाटीत सांभाळून ठेवतो होय? आणि खाचा बघ, पार झिजल्यात. ही पाटी आज पहिल्यांदा निघालेली नाही."

तिने बेल वाजवली. आजोबांनी दार उघडलं. त्यांच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता आणि रुमालावर लाल डाग होता!

चिंगीने स्क्रूंची वाटी पुढे केली.

"आत या," आजोबा म्हणाले. "आणि जरा हळू बोला."

टेबलावर पाटी पडली होती. शेजारी स्क्रूड्रायव्हर होता. आजी गेल्यापासून मुलं या घरात आली नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, तरी खोली कशीतरीच वाटत होती.

"आजोबा, स्वतःचीच पाटी?" लंबूने विचारलं.

आजोबा खुर्चीत बसले. "पहिल्यांदा माझं नाव चर्चेत आलं ना, तेव्हा हे घर माणसांनी गच्च भरलं होतं. मी कोट घालून इथेच बसलो होतो. नाव जाहीर झालं, दुसऱ्याचं. बघता बघता घर रिकामं! एक कॅमेरावाला तेवढा उरला. म्हणाला, 'काका, जरा पाय उचला, वायर काढायचीय.' मी उचलले."

"मग?"

"मग कितीतरी महिने मला एक ओळ लिहिता आली नाही. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी तुमची आजी पहाटे पाटी काढायची आणि तुम्ही शाळेतून यायच्या आत परत लावायची. पत्ता सांगायचा नाही, असा सगळ्यांना तिचा दम होता. टीव्हीवाले मजले फिरून कंटाळून जायचे. तिला वाटायचं, मला काही कळत नाही. मी आपला डोळे मिटून स्क्रूड्रायव्हरचा आवाज ऐकत पडायचो." ते अंगठ्याकडे बघत राहिले. "यंदा कोणीतरी काढायला हवी होती. पण तिच्यासारखं मला कुठे जमतंय!"

"तुम्हाला बक्षीस नकोच आहे का?" गोटूने विचारलं.

"हवंय की रे! फार हवंय. म्हणून तर त्यांच्यासमोर बसवत नाही."

खाली गाडीचा ब्रेक करकचून वाजला. लंबूने खिडकीतून पाहिलं. "मेलो! टीव्हीवाले! सेक्रेटरीकाका परतले की त्यांना थेट इथेच आणणार!"

चिंगीने पाटी उचलली. "काकांच्या दारावर अजून पाटी नाही ना? लंबू, खिशातली चिकटपट्टी काढ! आजोबा, कडी लावून घ्या आणि काही झालं तरी उघडू नका."

तिघं धडाधडा तिसऱ्या मजल्यावर पोहोचले. लंबूने हात उंच केले आणि सेक्रेटरीकाकांच्या दारावर पाटी झकास बसली.

"काय रे, लेखक कुठे राहतात?" कॅमेरावाल्याने जिन्यात विचारलं.

"पाटी असेल ना दारावर," गोटू भाबडा चेहरा करून म्हणाला. चक्क खरं बोलला की तो!

काकूंनी दार उघडलं. टीव्हीवाल्यांना पाहून त्या "या या" म्हणाल्या आणि केस विंचरायला आत पळाल्या. वायरी पसरल्या, दिवे लागले. इतक्यात सेक्रेटरीकाका गुच्छ घेऊन धापा टाकत आले. "अहो, हे तर माझं..." एवढं म्हणतात तोच झगझगीत प्रकाश त्यांच्या तोंडावर पडला.

"तुम्ही घरचेच ना? बसा, बसा!"

आता कॅमेऱ्यासमोर कोण नाही म्हणणार? काका बसले, कॉलर नीट केली आणि सुरूच झाले. "आमच्या इमारतीचा अभिमान..." मग लंबूच्या कानाशी पुटपुटले, "पळ, आजोबांना वर आण!"

एरवी तीन-तीन पायऱ्या उड्या मारत उतरणारा लंबू आज एकेका पायरीवर दोनदा थांबला.

आणि नाव जाहीर झालं! बेटावरचा कवी नाही, आजोबाही नाहीत. लांबच्या डोंगराळ देशातल्या कोणी बाई. पटापट दिवे विझले. काकांचं वाक्य अर्धवटच राहिलं.

"काका, जरा पाय उचला, वायर काढायचीय."

चिंगीच्या अंगावर काटा आला. अगदी तेच शब्द! काकांनी मांडीवर गुच्छ घेऊन पाय उचलले. क्षणात खोली रिकामी झाली.

"माझं बोलणं संपलं नव्हतं," काका म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

मग चिंगीने त्यांना सगळं सांगितलं. आता ओरडा बसणार म्हणून गोटू तिच्या मागे लपला. पण काका उठले, पाटी सोडवली आणि बाहीने पुसली.

"मी त्यांना यात बसवणार होतो," ते म्हणाले. "शाबास, पोरांनो. आम्हा मोठ्यांना सुचायला हवं होतं, ते तुम्हाला सुचलं."

खाली त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली. चिंगीच्या हाकेवर आजोबांनी कडी काढली आणि मुलं आत गेली. आजोबा परत त्याच खुर्चीत जाऊन बसले.

"कोणाला मिळालं गं?"

चिंगीने नाव सांगितलं.

"अरे वा! वाचलंय मी तिला. छान लिहिते." ते मनापासून म्हणाले.

गोटूने आईचा मोबाइल पुढे धरला. पडद्यावर त्या बाई आपल्या दारात उभ्या होत्या, भोवती कॅमेरेच कॅमेरे. आजोबा बराच वेळ बघत राहिले.

"तिच्या घरी कोणी आहे का गं, सांगायला?"

चिंगीने नीट पाहिलं. "आहेत, आजोबा. मागे एक म्हातारे उभे आहेत. डोळे पुसताहेत."

"मग ठीक आहे." आजोबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "मिळालं नाही, हे सांगायलासुद्धा घरात माणूस लागतं, बाळांनो."

"मग आम्हाला सांगा ना," गोटू म्हणाला.

आजोबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "यंदाही नाही मिळालं, बरं का," ते म्हणाले, आणि आजी गेली तेव्हाही न रडलेले आजोबा तिघांच्या देखत रडू लागले. मग चिंगीने दुसरी खुर्ची ओढली आणि ती त्यांच्याजवळ बसून राहिली.