वजन मागे द्या

मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं वर जातात आणि खाली येतात, यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची मला कधी गरज पडली नाही. नाचाशी तर माझा छत्तीसचा आकडा. कुणाच्याही लग्नात बँड वाजू लागला की मी गाड्या नीट लावल्यात का ते बघायला निघून जायचो.

हौस होती ती बायकोला. स्विंग डान्स नावाचा जोडीने करायचा एक प्रकार आहे, त्यात गिरक्याच गिरक्या. त्याचे व्हिडिओ ती ओट्यावर मोबाइल टेकवून बघायची आणि भाजी करपवायची. "एकदा तरी शिकू या ना रे," म्हणायची. शेवटी मी हो म्हटलं, आणि त्याच आठवड्यात तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली.

तेव्हापासून ती पुढच्या खोलीत पलंगावर आहे. डोळे उघडे असतात. श्वास चालतो, नळीतून दिलेलं पचतं. आत कुणी आहे का, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसत बसतात. मी रोज कामावरून आलो की तिची बोटं माझ्या बोटांत अडकवतो आणि दिवसभराच्या गमती सांगतो. बोटं घसरून चादरीवर पडतात. मला देवाकडे बाकी काही मागायचं नव्हतं. तिने एकदा माझा हात ओढून धरावा, एवढंच हवं होतं.

शनिवार-रविवारच्या नाचाच्या वर्गाला मला मेव्हणीने पाठवलं. "भाऊजी, दोन दिवस मी बसते ताईपाशी. तिच्या वाटचं तुम्ही शिकून या. नाहीतर एक दिवस तुम्हीही आडवे व्हाल, आणि दोघांना उचलणं माझ्याच्याने होणार नाही."

वर्ग एका बंद पडलेल्या शिवण कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट बंद होती. मी सवयीने तिच्या दाराला कान लावला आणि मग जिना चढलो. लांबट हॉल, लाकडी जमीन, तिच्यावर शिलाई मशीनच्या पायांनी पडलेले खळगे ओळीने दिसत होते. खिडक्या मोठ्या आणि काचा धुळकट. शिकवणारी मुलगी एवढी गरगर फिरायची की मी मनातल्या मनात तिला भिंगरी म्हणू लागलो.

"हात गच्च धरू नका," भिंगरी म्हणाली. "बोटं नुसती अडकवा आणि वजन मागे द्या. दोघांनीही. तो ताण हातात आला की जोडीदार कुठे निघालाय ते डोळे मिटूनही कळतं."

हे मात्र मला एका फटक्यात समजलं. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी काउंटरवेट लटकत असतं. केबिन त्याच्या जिवावर चालते. केबिन खाली आली की ते वर जातं. दोन्ही एकदम खाली कधीच नसतात.

पुरुष एकाने जास्त होते. म्हणून बायका गोलात आपापल्या जागी उभ्या राहायच्या आणि पुरुषांनी दर गाण्याला पुढच्या जोडीदाराकडे सरकायचं. खिडकीपाशी एक जागा रिकामी. तिथे ज्याची पाळी येईल त्याने हवेत हात धरून एकट्याने पावलं टाकायची. माझ्या पुढे सरकणारा बँकेतला कॅशियर होता. तो त्या जागी पोचला की मोबाइल काढायचा.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी शहाण्या मुलासारखा हात पुढे केला, बोटं वळवली, वजन मागे दिलं.

हाताला ताण लागला.

दोर ताणला जाताना लागतो तसा, अगदी हलका. मी खांदा झटकला. सकाळपासून हात उचलून उचलून स्नायू दमले असणार, असं स्वतःला सांगितलं आणि पुढे एका निवृत्त दंतवैद्य बाईंकडे सरकलो. त्यांनी माझे तळहात बघितले आणि "ग्रीस आहे का हो हे?" म्हणून विचारलं.

संध्याकाळी घरी गेलो तर मेव्हणी खुशीत होती. "आज मी एकटीने ताईची कूस बदलली, भाऊजी. पाठीतून एक कळ नाही आली."

चादर बदलायला मी बायकोला उचललं. वर्षभर रोज उचलतोय; तिचं वजन माझ्या हातांना पाठ झालंय. ती हलकी लागली. आजारी माणूस झिजतंच, मी मनात म्हटलं. पण कालपर्यंत ती झिजलेली नव्हती. तिचे गाल भरलेले होते, मनगट तेवढंच होतं. मी ते पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचलो. पावलं जमत होती, चुकत होती; माझं लक्ष खिडकीकडे. पाळी आली तसा मी जवळजवळ धावलोच. हात पुढे केला. ताण आला, आणि मग तो चारही बोटांवरून सरकत सरकत माझ्या अंगठ्यावर येऊन थांबला.

रस्ता ओलांडताना ती माझा हात कधी धरायची नाही. फक्त अंगठा धरायची. "हात धरला की तू ओढतोस, अंगठा धरला की मी ओढते," असं तिचं म्हणणं होतं.

माझे डोळे भरून आले. भर हॉलमध्ये मी हळूच म्हटलं, "आलीस?"

अंगठ्याला हिसका बसला, "चल ना" म्हणताना द्यायची तसा.

मी आणखी मागे झुकलो. आणखी. टाचांवर आलो, पाठ जमिनीकडे कलली. एवढ्या कोनात उभं राहिलेलं माणूस पडायलाच हवं. मी पडलो नाही. समोरून मला कुणीतरी तोलून धरलं होतं आणि ते वजन पूर्ण होतं, जुनं, ओळखीचं, माझ्या दोन्ही हातांना पाठ असलेलं.

गाणं वाजत होतं, पण पावलांचा आवाज थांबला होता. मी सरळ झालो. भिंगरी माझ्याकडे बघत होती.

"काका, तुम्ही काय धरलं होतं?"

"काहीच नाही. तुम्हीच म्हणालात ना, वजन मागे द्या."

"हो, पण..." ती माझ्या हातासमोरच्या हवेकडे बघत म्हणाली, "पण समोर कुणीतरी लागतं."

कॅशियरने मोबाइल खिशात टाकला. पुढच्या फेरीत तो त्या जागेला वळसा घालून गेला.

शेवटच्या गाण्याला भिंगरी म्हणाली, ज्याला ज्याच्यासोबत नाचायचं त्याने नाचा. मी कुणाला विचारलं नाही. खिडकीपाशी गेलो आणि हात पुढे केला.

काय सांगू! मी नाचलो. मी, ज्याला वरातीची भीती वाटायची तो. मी डावीकडे जायचा विचार करायच्या आत ती डावीकडे निघालेली असायची. मी हात वर केला की त्याखालून गिरकी घेऊन ती पुन्हा अंगठ्यावर यायची. तिची चप्पल वाजली नाही, श्वास ऐकू आला नाही. होतं ते फक्त वजन, जाणारं आणि परत येणारं. एकदा माझं पाऊल चुकलं तेव्हा तो ताण थरथरला. ती हसायची तेव्हा तिचा हात असाच थरथरायचा. वर्षभर ज्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं, त्याचं उत्तर माझ्या हातात होतं. आहे. ती आहे.

गाणं संपलं.

"जोडीदाराचे आभार माना," भिंगरी ओरडली. सगळे हसले, एकमेकांसमोर वाकले. मीही वाकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. टाळ्यांना दोन्ही हात लागतात.

घरी जाताना मी रस्त्याने शीळ घालत होतो. तिला सगळं सांगायचं होतं. ती मलाच चिडवेल, "मला काय सांगतोस, मी होते ना तिथे!" असंही वाटून गेलं. दारातूनच मी तिला हाक मारली.

मेव्हणी दारापाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. श्वास ठीक आहे, नाडी ठीक आहे. पण तुम्ही जरा उचलून बघा, भाऊजी."

मी पलंगापाशी गेलो. तीच, तशीच. गाल भरलेले, डोळे छताकडे. मी एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि सवयीने जोर लावला.

जोर वाया गेला. ती धुतलेल्या चादरीसारखी हातांवर आली. मी मागे कोलमडता कोलमडता वाचलो.

मी तिला परत ठेवलं. उशी दबली नाही.

"डॉक्टरांना बोलवू?" मेव्हणीने विचारलं. तिने पांघरुणाच्या दोन्ही कडा गादीखाली खोचायला घेतल्या होत्या. पंखा तिने आधीच बंद केला होता.

मी माझे तळहात बघत होतो. टाळ्यांनी ते अजून लाल होते.

मग मी भिंगरीला फोन लावला. हॉल आत्ताच्या आत्ता उघडाल का, म्हणून विचारलं.

"अहो, आम्ही कधीच कुलूप लावून निघालो. आता पुढच्या शनिवारीच उघडेल," ती म्हणाली. "का हो काका, तुमचं काही राहिलं का तिथे?"