खिंडीपलीकडचं घर

बटाटे काढून झाले की सांगते, असं नातेलानं चिचिकोला म्हटलं होतं, आणि आता बटाटे काढून झाले होते.

शेवटचं पोतं तळघरात टाकून चिचिको व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसला. टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं.

"मग? आता काय, गाजरं?"

"गाजरं मी लावतच नाही."

"म्हणून तर विचारलं."

नातेला हसली. त्यानं रेटलं नाही. चिचिको शेजारच्या बुरूजवाल्या घरातला, विधुर, गावातल्या बहुतेकांसारखा स्वान, म्हणजे इथल्या डोंगरातल्या जुन्या जमातीचा. गेली सहा वर्षं तो तिला लग्नाचं विचारत होता. पहिली दोन वर्षं चेष्टेत, नंतर खरोखर. हिवाळ्यात दोन घरांत दोन चुली कशाला जाळायच्या, एवढंच त्याचं म्हणणं. यंदा पहिल्यांदाच तिनं नाही म्हटलं नव्हतं.

चुखारी हे खिंडीखालचं शेवटचं गाव. त्याच्या वर फक्त कुरण, पोलिसांची चौकी आणि बर्फ. नातेला मूळची इथली नव्हे; ती पलीकडची, समुद्राकडच्या उतारावरची मिंग्रेल, म्हणजे जॉर्जियनांपैकीच. अबखाझ आणि जॉर्जियन एकमेकांच्या जिवावर उठले त्या वर्षी तिचं अख्खं गाव ही खिंड चढून इकडे आलं. म्हणजे निघालं सगळं, पोचलं थोडं. नातेला तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पाचवा महिना चालू होता. खिंडीच्या पायथ्याशी तिचा नवरा झाउरी थांबला. त्याची आई घर सोडायला तयार नव्हती. "तू पुढे हो. तिला उचलून आणतो आणि तुला गाठतो," असं म्हणून तो मागे वळला. त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झालं. नातेला चुखारीतल्या पहिल्या घरात शिरली ती चिचिकोच्या आईच्या अंगावर कोसळली. पोटातलं मूल तिथंच गेलं.

बाकीच्यांना सरकारनं राजधानीत, त्बिलिसीच्या हॉटेलांत खोल्या दिल्या. ती गेली नाही. झाउरी आला तर याच वाटेनं येणार होता.

पुढे देश हळूहळू ताळ्यावर आला, रस्ता डांबरी झाला, आणि पाठीवर सॅक घेतलेली माणसं यायला लागली. जर्मन, पोलिश, इस्रायली. गरम पाणी आहे का, वायफाय आहे का, सगळ्यात जुना बुरूज कुठला, असलं विचारणारी. नातेलानं वरच्या तीन खोल्या त्यांच्यासाठी रंगवून घेतल्या. ती त्यांना मांस भरलेली कुब्दारी खाऊ घालायची आणि पलीकडचं काही विचारलं तर रशियन समजत नाही असं दाखवायची.

चिचिको पायरीवरून उठला, तेवढ्यात कुरणाच्या बाजूनं एक बाई उतरत येताना दिसली. पाठीवर मोठी सॅक, हातात काठ्या, पन्नाशीच्या आसपासची. पाहुणे नेहमी खालून, रस्त्यानं यायचे. ही वरून येत होती.

फाटकाशी येऊन ती थबकली. नातेलाकडे पाहून तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, तुम्ही?" ती रशियनमध्ये म्हणाली. "माझ्याआधी कशा पोचलात?"

बाईचं हसू हळूहळू ओसरलं.

"माफ करा. काल ज्यांच्याकडे राहिले त्या बाईंसारख्या दिसता अगदी. बहीण आहे का तुमची पलीकडे?"

"मला बहीण नाही," नातेला म्हणाली. "या, आत या. बूट बाहेर काढा."

बाईचं नाव रेनाता. चेक होती, शाळेत रशियन शिकलेली. तिनं काढून ठेवलेल्या बुटांकडे चिचिको बराच वेळ पाहत राहिला. चुखारीची माती काळी, पाटीच्या दगडाची. बुटांना लाल माती होती.

"वाट चुकली असेल," तो जाताना हळूच म्हणाला. "पलीकडे कोण राहतंय आता? जळून तीस वर्षं झाली त्या गावांना."

"मला ठाऊक आहे," नातेला म्हणाली.

जेवायला दोघीच होत्या. रेनाताला भूक लागली होती. ती मनापासून जेवली आणि आपणहून बोलत गेली. शेजारच्या खोऱ्यातून तंबू घेऊन ती निघाली होती. तळ्यापाशी धुकं आलं आणि ती भलत्याच उतारावर उतरली. अंधारायला लागलं होतं. मग एका बागेतून कुणीतरी हाक मारली.

"म्हातारे गृहस्थ होते. मला पाहून दचकले आधी. पण लगेच घरात घेऊन गेले. केवढी माया हो त्या माणसांची."

"कसली बाग?"

"खुरम्याची. टोमॅटोसारखी ती फळं अजून कच्ची होती. एक झाड तर विहिरीवर इतकं कललंय की दोरीनं बांधून ठेवलंय."

नातेलानं पाव कापायला घेतला होता. ती कापत राहिली. ते झाड लग्नाच्या वर्षीच्या वादळात कललं होतं. दोरी झाउरीनं बांधली होती, आणि ती कुठली गाठ टिकेल यावरून दोघांचं भांडण झालं होतं.

"जेवायला काय होतं?"

"मक्याची लापशी आणि चीज. शेजारचे एकजण आले होते वाइन घेऊन. आस्तामूर. अबखाझ आहे म्हणाले. घरचे गृहस्थ जॉर्जियन. मी विचारलं, इथं तर लढाई झाली ना? तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, झाली, पण आम्हाला वेळ नव्हता."

हा विनोद आस्तामूरचाच होता. लढाईआधी तो हेच कम्युनिस्ट पार्टीच्या सभेबद्दल म्हणायचा. जॉर्जियन माणसाला घरात लपवलं म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला अंगणात गोळी घातली, असं नातेलानं पुढच्याच वर्षी ऐकलं होतं. कुणाला लपवलं, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

"आणि ती बाई?"

"त्या कमीच बोलत होत्या. शाळेत शिकवायच्या वाटतं पूर्वी. नवरा त्यांना 'बाई' म्हणत होता, वर्गातल्या पोरासारखं. 'बाई, मीठ घेऊ का?' 'बाई, बाहेर जाऊ का?' " रेनाता हसली. "या वयातही."

नातेला उठली आणि चुलीत लाकूड घातलं. पाठ वळवून तिनं विचारलं,

"खूश आहेत का ती दोघं?"

रेनातानं थोडा विचार केला. "भांडतात," ती म्हणाली. "दिवसभर भांडत असतील. पण ते खोलीतून बाहेर गेले की बाई बोलायच्या थांबतात, आणि परत आले की वाक्य तिथूनच पुढे सुरू. तसं."

चुलीतलं लाकूड पेटलं होतं तरी नातेला वाकूनच राहिली.

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. शहरातून आली होती, तिचं लहान मूल घेऊन. छान नाव होतं. मारेखी."

ते नाव झाउरीनं आणि तिनं एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं होतं. मुलगी झाली तर. कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, असं त्याची आई म्हणायची म्हणून त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. चुखारीत तर नातेलानं ते कधी उच्चारलंच नव्हतं. जे पुरलं त्याला नाव द्यायचा तिला धीर झाला नव्हता.

तिनं ताटं उचलली. रेनाताला तिचा चेहरा दिसला असावा, कारण ती उठून पेले गोळा करू लागली.

सकाळी मिनीबसची वाट बघत असताना रेनातानं सॅकच्या तळातून एक गाठोडं काढलं आणि ओशाळून हातात धरून उभी राहिली.

"हे माझ्याकडून राहून गेलं. त्या बाईंनी दिलं होतं, माथ्यावर ठेव म्हणून. धुक्यात माथा कधी आला ते कळलंच नाही. तुम्ही कधी वर गेलात तर ठेवाल?"

"कुणासाठी आहे?"

"लढाईच्या वर्षी जे खिंड चढून गेले त्यांच्यासाठी. त्या म्हणाल्या, त्यांच्यातलं कुणी पोचलं नाही. आम्ही दोघं पायथ्यावरून मागे वळलो म्हणून वाचलो." रेनाता चाचरली. "मला जाऊ देत नव्हत्या. पलीकडे काही नाही म्हणाल्या. ओसाड आहे सगळं."

बस गेली. नातेलानं फाटकाशी उभ्या उभ्या गाठ सोडली. मधात शिजवलेला गहू, वर अक्रोड. गेलेल्यांसाठी करतात तो. अक्रोड चिरलेले नव्हते, मुठीत दाबून फोडलेले होते. तसे फक्त तिची आई फोडायची, आणि ती.

दुपारी ती चिचिकोला म्हणाली, "मला वर जायचंय. पाहुणीनं काहीतरी ठेवायला दिलंय."

चिचिकोनं गाठोड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि घरातून तिच्यासाठी काठी आणली. वाटेत त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. यंदाचं गवत, गाईचं दूध, एवढंच बोलत राहिला. चौकीवर त्याचा भाचा उचा होता, पोट सुटलेला, चांगल्या स्वभावाचा पोलीस. या दिवसांत लोक मेणबत्त्या लावायला माथ्यापर्यंत जातात, म्हणून तो अडवत नसे.

"काल वरून एक परदेशी बाई आली?" चिचिकोनं विचारलं.

"वरून कोण येणार, मामा? आठवडाभर चिटपाखरू नाही."

"तू इथंच थांब," नातेला चिचिकोला म्हणाली.

माथ्यावर धुकं होतं. पलीकडचा उतार दहा पावलांवर संपल्यासारखा दिसत होता. तिनं सपाट दगड शोधला, गाठोडं ठेवलं, मेणबत्ती लावली. वारा नव्हता. ज्योत सरळ उभी राहिली.

मग वास आला. आधी हेझलच्या लाकडाच्या धुराचा. मग मक्याच्या लापशीचा, तळाला किंचित लागलेल्या.

गाव इथून दिवसभराच्या चालीवर होतं. तिला ते माहीत होतं. तिनं शाळेत पोरांना नकाशे शिकवले होते.

भांड्यावर चमचा आपटल्याचा आवाज आला. विहिरीची कडी वाजली. एक मूल रडलं आणि थांबलं.

ती पुढे झाली नाही. पुढे व्हायचं होतं, पण पाय जिथं होते तिथंच राहिले.

"नातेला," पलीकडच्या उतारावरून हाक आली.

आवाज म्हातारा झाला होता. तरी तोच. जेवायला बोलावताना मधलं अक्षर ओढायची तीच सवय. तीस वर्षं ती झोपेत याच हाकेला ओ देत आली होती.

तिनं श्वास घेतला. तोंड उघडलं.

"आले," कुणीतरी म्हणालं.

तिनं नव्हे. धुक्यात, अगदी जवळ, तिच्याच आवाजात, जरा वैतागून. कामात असताना म्हणावं तसं.

दगडांवरून पावलं खाली उतरत गेली. दार लागलं. वास विरला. मेणबत्ती जळत होती.

ती चौकीवर उतरली तेव्हा चिचिको भिंतीला टेकून उन्हात बसला होता. तिचे हात गार पडले होते ते त्यानं आपल्या कोटाच्या खिशात घालून धरले.

"भेटलं कुणी?"

"नाही." आणि मग, गाव दिसायला लागल्यावर, "तुझी चूल धूर करते, चिचिको. मी यायच्या आत ती नीट करून घे."

चिचिको थांबला. टोपी काढली, परत घातली. "उद्याच करतो," तो म्हणाला.

नाताळाआधी लग्न झालं. हिवाळा बरा गेला. चिचिको झोपेत घोरायचा आणि सकाळी ते नाकबूल करायचा; ती त्याच्याशी भांडायची, आणि भांडताना कधीकधी आपणच चकित होऊन थांबायची. झाउरीची वाट बघणं तिनं सोडून दिलं होतं. तो एकटा नाही, एवढं तिला पुरत होतं. ज्या दिवशी पुरत नसे त्या दिवशी ती कणीक जास्त वेळ मळायची.

मे महिन्यात उचा जेवायला आला. वरचं बर्फ अजून गेलं नव्हतं. दुसरी कुब्दारी ताटात घेत तो म्हणाला,

"मामा, माथ्यावर गंमत आहे. पलीकडून पावलं येतात. थेट हद्दीच्या रेषेपर्यंत. तिथं थांबतात आणि परत जातात."

"पलीकडचे शिपाई असतील."

"बाईची आहेत. रोज येत असणार, उभी राहून राहून तिथलं बर्फ जमिनीपर्यंत दबलंय. तेवढ्याच जागेत."

नातेला चहा ओतत होती. "तोंड कुणीकडे?" तिनं विचारलं.

"इकडे, मामी. आपल्या गावाकडे." उचानं पाव मोडला. "परवा तर शेजारी लहान पोराची पावलं होती. इवलीशी. माथ्यापर्यंत चालत आलीत आणि तिथं संपलीत. परत गेलेली नाहीत. मी घाबरलोच आधी. मग नीट बघितलं, तर बाईची पावलं तिथून जास्त खोल गेली होती. म्हणजे उचलून घेतलं असणार." तो चघळता चघळता थांबला. "काहीतरी दाखवायला घेतात ना उचलून, तसं."