सुकाणू कोण हलवतंय?

"आता उलटं," मामा म्हणाला आणि त्याचं पिवळं विमान पोट आकाशाकडे करून मैदानावरून सणसणत गेलं.

खार त्याच्या कोपराला खेटून उभी होती. झाड असो नाहीतर गच्ची, सरसर वर चढते म्हणून घरीदारी सगळे तिला खारच म्हणायचे. सुट्टी लागली की तिचा मुक्काम मामाकडे आणि मामाचा मुक्काम या मैदानावर. उद्या इथे रिमोटच्या विमानांच्या कसरतींची स्पर्धा होती आणि आज सराव चालला होता. बाकी सगळे वर बघत होते. खार मात्र मामाचे अंगठे बघत होती. रिमोटच्या दोन दांड्यांवर ते जेमतेम हलायचे आणि तिकडे वर विमान गिरक्या घ्यायचं.

विमान सरळ झालं. अंगठे थांबले. आणि तेवढ्यात विमानाची शेपटी गर्रकन वळली. विमान डावीकडे कलंडलं, नाक खाली घातलं आणि कुंपणापलीकडच्या गवतात जाऊन आदळलं.

परवाही अस्संच झालं होतं.

"वय झालं की हात ऐकत नाही हो," मागून कुणीतरी पुटपुटलं. खेळण्यांचा दुकानदार तर आपल्या तंबूतून मोठ्यानेच म्हणाला, "मामा, आता तुम्ही माझ्याकडून साबणाचे फुगे घेऊन जा. पडले तरी मोडत नाहीत."

लोक हसले. स्पर्धेच्या पंचबाई हसल्या नाहीत. त्या मामाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या इथे प्रेक्षक बसणार आहेत. कुणाच्या डोक्यात विमान पडलं तर? पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला थांबवावं लागेल."

"तुम्ही कशाला थांबवताय," मामा म्हणाला. "मीच थांबतो. माझ्या हातांचाच भरवसा उरला नाही मला."

गवतातून उचलून आणलेला मोडका पंख काखेत घेऊन तो गाडीकडे निघाला. एरवी विमान पडलं तर स्वतःवरच विनोद करणारा मामा आज खाली मान घालून चालला होता.

तिने प्रोफेसरला आणि तोफेला गाडीमागे ओढलं. प्रोफेसर म्हणजे मामाचा मुलगा. कुठल्याही प्रश्नावर चष्मा पुसून मगच बोलणारा. तोफ शेजारची. ती कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

"मामाचे अंगठे हललेच नव्हते," खार म्हणाली. "मी बघितलंय. शेपटी आपोआप वळली."

"विमानाला भूत लागलंय," तोफ कुजबुजली. दोन माणसांनी वळून पाहिलं.

प्रोफेसरने चष्मा पुसला. "बाबांचा रिमोट जुना आहे. तसलाच दुसरा एखादा त्याच रेडिओलहरीवर सुरू असला, तर विमानाला कळत नाही कुणाचं ऐकायचं. म्हणून तर सगळ्यांचे रिमोट पंचांच्या टेबलावर ठेवायला लावतात. उडवायचं असेल त्यानेच आपला उचलायचा."

"मग कुणीतरी चोरून चालवतंय," खार म्हणाली.

"ते बघता येईल. बाबांचा रिमोट बंद ठेवायचा आणि विमान चालू करायचं. सुकाणू हललं, तर ते दुसऱ्याच कुणाचं ऐकतंय."

मामाचं दुसरं, निळं विमान गाडीतच होतं. मामाने खांदे उडवून "करा काय करायचं ते" म्हटलं, पण फिरून कुणाला लागू नये म्हणून नाकावरचा पंखा स्वतःच्या हाताने काढला आणि मगच ते गवतावर ठेवू दिलं. तिघं शेपटीपाशी पालथी पडली. शेपटीवरची उभी फळी, म्हणजेच सुकाणू, गप्प होतं. बराच वेळ गप्प होतं. तोफेला जांभई आली.

आणि सुकाणू हललं. डावीकडे, उजवीकडे, मग नुसतंच थरथर थरथर.

"आईशप्पथ," तोफ म्हणाली आणि या खेपेला अख्ख्या मैदानाने ऐकलं.

खार तोवर कुंपणाच्या खांबावर चढली होती. पंचांच्या टेबलावर सगळे रिमोट निमूट पडलेले होते. गर्दी एकाच ठिकाणी होती, खेळण्यांच्या तंबूपाशी. तिथे एक छोटा मुलगा हातात भलामोठा जुना रिमोट धरून दांड्या गरागरा फिरवत होता आणि दुकानदार कौतुकाने म्हणत होता, "वा, जन्मजात वैमानिक आहेस तू. आईला सांग, विमान घेऊन दे म्हणावं."

हा तंबू परवाच लागला होता.

तिघं धावत तिथे पोचली. "काका, तो रिमोट बंद करा ना," खार म्हणाली. "त्याच्यामुळे मामाचं विमान पडतंय."

"याच्यामुळे?" दुकानदाराला हसू आवरेना. "अगं, याचं विमान केव्हाच मोडीत गेलं. नुसता दिवा लागतो याचा. मामांना उडवता येत नाही, त्याला मी काय करू? चला, पळा, गिऱ्हाइकांना जागा द्या."

भांडून उपयोग नव्हता. खारीने क्षणभर विचार केला, तोफेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि प्रोफेसरला घेऊन पंचबाईंना गाठलं. "बाई, दोनच मिनिटं या विमानापाशी उभ्या राहा. मामाचा रिमोट तुमच्याच हातात धरा. बंद आहे की नाही ते आधी बघा."

बाईंनी उलटसुलट करून पाहिला. बंदच होता.

तिकडे तंबूत तोफ जगातल्या सगळ्यात गोड मुलीसारखा चेहरा करून उभी होती. "काका, तुम्ही मोठ्ठे वैमानिक होतात ना? डावीकडे कसं वळवायचं, दाखवा ना."

दुकानदार फुलला. "हे बघ, असं."

"डावीकडे," तोफ गरजली. मैदानाच्या या टोकाला सुकाणू डावीकडे वळलं.

"आणि उजवीकडे?"

"हे असं."

"उजवीकडे." सुकाणू उजवीकडे वळलं.

पंचबाईंनी एकदा हातातल्या बंद रिमोटकडे पाहिलं, एकदा तंबूकडे, आणि पुढचं काही न ऐकता त्या तरातरा चालू लागल्या. तंबूत त्या काय बोलल्या ते खारीला आणि प्रोफेसरला ऐकू आलं नाही. पण दुकानदार बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. त्याने रिमोटमधली बॅटरी काढली, तो टेबलावर नेऊन ठेवला आणि मामासमोर उभा राहिला.

"माझ्या डोक्यातच आलं नाही हो. मी आपला तुम्हालाच हसत बसलो."

मामाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो आपले दोन्ही तळवे उलटेपालथे करून बघत होता. मग एकाएकी हसायला लागला. "म्हणजे हात चांगलेत की माझे," तो म्हणाला. "प्रोफेसर, पंखा आण. खार, त्या टोकाला जा आणि वारा कुठून येतोय सांग. या विमानाला अजून कोलांट्या शिकवायच्यात."

दुसऱ्या दिवशी निळं विमान असं उडलं, की लोक वर बघून बघून मान चोळायला लागले. त्याने एकावर एक कोलांट्या घेतल्या, पाठीवर पडून गवताला शिवेल इतक्या खालून गेलं, आणि शेवटी नाक वर करून पंख्याच्या जोरावर हवेत जागच्या जागी लटकून राहिलं. खारीने श्वास धरला होता. विमान अलगद टेकलं तेव्हा तिने तो सोडला, आणि मैदान टाळ्यांनी भरून गेलं.

मामाचा दुसरा नंबर आला. पंचबाईंनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं आणि कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकवलं, "विमान पडलं तेव्हा मी माणसाला दोष दिला आणि मोकळी झाले. विमान तपासलं ते या मुलांनी. उद्यापासून या मैदानावर रोज पहिलं उड्डाण व्हायच्या आधी सगळी विमानं अशीच तपासली जातील. कशी ते हीच तिघं शिकवतील. सगळ्यात आधी मला."

"कधी सुरू करायचं, बाई?" तोफेने विचारलं. तिला कर्ण्याची गरज पडली नाही.