हवेचं बिल

पहिल्यांदा मला त्याचे फक्त बूट दिसले.

कारण मी खड्ड्यात होते. खरोखरच्या खड्ड्यात! आमचा मोहल्ला टेकडीवर, पाइपलाइनच्या पार शेपटाला. पाण्यात वर चढायचा जोर नसतो, म्हणून इथं प्रत्येकानं दारापुढं कमरेइतका खड्डा खणून नळ खाली नेलाय. दर पाचव्या दिवशी सकाळी पाणी येतं, पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात यमराज आला तरी मी त्याला थांबा म्हणणार.

"कमलाकर गावंडेंचा नळ हाच का?" वरून आवाज आला.

"हाच. धरा!"

"काय?"

"घागर धरा ना! अन् ती रिकामी इकडं द्या. पाणी वाया जाऊन राह्यलं, दिसत नाही का?"

बूट जरासे घोटाळले... मग दोन हात खाली आले. घागरी वर गेल्या, रिकाम्या खाली आल्या. पाणी गेलं तेव्हा मी वर चढले आणि बुटांच्या वरचा माणूस पाहिला. शर्ट छातीपर्यंत भिजलेला, केसातून पाणी निथळतंय, कान लाल. बरा होता दिसायला. पण त्याच्या काखेतल्या फायलीवर 'पाणीपुरवठा विभाग' लिहिलेलं वाचलं, आणि माझं टाळकंच सरकलं.

"बिल घेऊन आले का?"

"अवधूत इंगोले. या भागाचा नवा ओव्हरसियर," तो नरमाईनं म्हणाला. "तुमचं चौदाशे चाळीस थकलंय. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत भरलं नाही, तर नळ कापायचा आदेश आहे. म्हटलं आधी सांगून यावं..."

सांगून यावं म्हणे! किती उपकार!

साल दोन हजार सहा. घाटंजीहून बसनं पाऊण तासावरचं आमचं गाव. कापसाचे भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं आणि तिथं मुनीम असलेले माझे बाबा घरी बसून कांदे चिरायला लागले. आई आणि मी अठरा डबे करायचो, त्यावर घर चालत होतं. पाणी नाही तर डबे नाहीत, डबे नाहीत तर आम्ही नाही. इतका साधा हिशेब होता. आणि आतापर्यंत वर्षाला नऊशे भरणाऱ्या आम्हाला नव्या मीटरनं तीन महिन्यांचे चौदाशे चाळीस लावले होते!

"बघा साहेब," मी पदर खोचला, "तुमचं मीटर म्हणते साठ हजार लिटर. तीन महिन्यांत पाणी आलं अठरा वेळा. म्हणजे एका वेळेला तीन हजार तीनशे लिटर. घरात दोन ड्रम अन् अकरा घागरी आहेत. बाकीचं पाणी मी कुठं ठेवलं? बाबांच्या टोपीत?"

त्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं. मला आणखी चीड आली.

"मीटर खोटं नाही बोलत हो. जेवढं वापरलं तेवढेच पैसे, याच्याहून न्यायाचं काय असेल?"

"अन् हे सांडपाण्याचे दोनशे चाळीस? कोणती गटार? दाखवा! दाखवा ना!"

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आमच्या मोरीचं पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं आणि त्याचे बूट नेमके त्यातच होते.

"तुम्ही मीटर कधी वाचता?" मी विचारलं.

"अकरानंतर. ऑफिसच्या वेळात."

"पाणी येते सहाले. पुढच्या पाण्याले साडेपाचला या. नाही आले तर तुमच्या ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर बोलीन."

आला! पाचव्या दिवशी, सव्वापाचलाच. मी नळाच्या तोंडाला साखरेची प्लास्टिकची पिशवी दोरीनं आवळून बांधली. आम्ही दोघं खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसलो. पहाटेची गार हवा होती... त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. मी मुद्दाम मीटरकडे पाहत राहिले.

सहा वाजता खाली गावात व्हॉल्व उघडला. नळ फुसफुसला. पिशवी फुगू लागली, टम्म झाली, फट्कन फुटली. पाण्याचा थेंब नाही. आणि मीटरचा काटा? गरागरा, गरागरा! पाइपातली सगळी हवा पाणी पुढं ढकलत आणतं आणि ती आमच्याच नळातून निघते. चांगला अर्धा तास.

"वापरली बाप्पा आम्ही हवा," मी म्हणाले. "द्या बिल."

त्याचा चेहरा इतका उतरला की माझ्या तोंडातले पुढचे चार शब्द मी गिळले. मग त्यानं बाह्या वर केल्या.

"घागर द्या."

त्यानंतर दर पाण्याला तो यायला लागला. नोंदवही घेऊन, प्रत्येक नळाची हवा किती मिनिटं, पाणी किती, लिहीत. आमची भांडणं मात्र थांबली नाहीत.

"जुनीच पद्धत बरी," मी म्हणायचे. "सगळ्यांले नऊशे."

"काहून बरी? स्टेशन रोडवरच्या बंगल्यात मोटार लावून रोज बगिचा भिजवून राह्यले. त्यांनाही नऊशे, तुम्हालाही नऊशे. त्यांचं पाणी तुम्ही भरताय नयन, पैशानं."

पहिल्यांदाच त्यानं नुसतं नयन म्हटलं. त्याच्याही ध्यानात आलं. तो घाईनं वहीत काहीतरी खरडू लागला...

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"पहिली दहा युनिटं, म्हणजे दहा हजार लिटर, अगदी स्वस्त, जगायला लागतात तेवढी. पुढं चढता दर. जिथं गटार नाही तिथं सांडपाण्याचा पैसा नाही. अन् लाइन संपायच्या आधी हवा काढायचा व्हॉल्व."

"एवढं येतं तर आधी काहून नाही केलं?"

तो खाली पाहू लागला. "चुकलं."

कोणाचं, ते तो बोलला नाही. मला वाटलं, ऑफिसचं.

शेजारची बिजलीबाई तर टपूनच बसलेली. "काय वो नयन, आमच्या नळाले हवा येते अन् तुह्या नळाले ओव्हरसियर! हे कोणतं कनेक्शन म्हणाव?"

"गप बस ना वो माय!" मी म्हणायचे आणि घागर उगाच विसळायचे. खोटं कशाला सांगू, मी पाचवा दिवस पाण्यासाठी मोजत नव्हते आता.

आणि मग नऊ तारखेला माझ्या हातात तो कागद पडला. दुसऱ्या दिवशी नगर परिषदेची सभा होती, विषयपत्रिका फळ्यावर लागली होती, तिला जोडून मीटर दराचा मूळ प्रस्ताव. खाली लिहिलं होतं: चाचणी मीटर टाकीलगतच्या कर्मचारी वसाहतीत बसवून दर निश्चित केले. प्रस्ताव तयार करणार, अ. इंगोले.

टाकीच्या पायथ्याशी! जिथं चोवीस तास नळ धो धो! तिथं बसून यानं टेकडीचा दर ठरवला होता. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि दर पाण्याला येऊन माझ्या घागरी उचलत होता!

संध्याकाळी तो आला. मी कागद त्याच्या छातीवर आपटला.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"अन् महिनाभर सांगितलं नाही!"

"सांगणार होतो. पण मग तुम्ही... तुम्ही पुन्हा घागर दिली नसती."

"नसतीच दिली! निघा इथून. उद्या आमचा नळ कापायला दुसऱ्या कोणाले पाठवा. तुमच्या हातानं कापलेला मले चालणार नाही."

त्या रात्री मी रडले. रागानंच. आई म्हणाली, "इतका राग परक्या माणसाचा येत नसतो पोरी." मी उशी डोक्यावर घेतली.

दहा तारखेला आम्ही बायका सभेत जाऊन मागच्या बाकांवर बसलो. विषय आला. एक नगरसेवक उठले, थकबाकीदारांना दया दाखवू नका म्हणाले. मला माहीत होतं, त्यांच्या बंगल्याला मीटरच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उठणारच होते, तेवढ्यात अवधूत उभा राहिला. आवाज ठाम होता.

"हा दर मी ठरवला आणि तो चूक आहे. टेकडीवरच्या एकशे बारा नळांची नोंद इथं आहे. तिथल्या बिलातली बहुतेक युनिटं हवेची आहेत. आपण लोकांना श्वासाचे पैसे लावले. अन् सव्वीस बंगल्यांना मीटर नाही, त्यांची यादी पण आणलीय. वाचू?"

सभागृहात असा गोंधळ माजला की विचारू नका. "बसा खाली!" "तुमचं काम बिलं वसूल करायचं!" तो बसला नाही. यादी वाचायला लागला. माइक बंद केला, तर तसाच ओरडून वाचला. मागं बिजलीबाईनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. माझे हात मात्र पदर मुठीत धरून बसले होते.

कापाकापी थांबली. व्हॉल्व बसेपर्यंत टेकडीला जुनाच दर, सांडपाण्याची रक्कम माफ. बंगल्यांचा विषय "पुढील सभेत", म्हणजे कधीच नाही, हे ज्याचं त्याला कळलं. आणि अवधूतचं नोकरीचं कंत्राट त्या महिन्याअखेर संपत होतं, ते वाढवलं नाही. खरं बोलायची किंमत मात्र या गावानं एका दिवसात ठरवली!

एकतीस तारखेला दुपारी तो दारात आला. हातात बॅग.

"निघालो. दुसऱ्या एका नगर परिषदेत जागा मिळालीय. तिथंही नवे दर ठरवायचेत." तो थांबला. "माफी मागायला आलतो. अन् आणखी एक... पण ते बोलायचं तोंड नाही राह्यलं."

"सभेत तर मोठं होतं तोंड!"

"सभेत भीती नव्हती वाटत."

मला रडू यायला लागलं आणि त्याचाच पुन्हा राग आला.

"मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर. लय."

"माहीत आहे."

"काही माहीत नाही! महिनाभर लपवलं म्हणून रागावली. अन् आता एकटेच निघाले, त्याच्यावर तर त्याहून जास्त. मले विचारलं का, येते का म्हणून?"

बॅग खाली पडली. आतून बाबांचा कांदे चिरायचा आवाज बंद झाला.

"येता?" तो पुटपुटला.

"आधी आई-बाबांसमोर बसा, रीतसर विचारा. अन् माझी एक अट आहे." मी डोळे पुसले. "त्या गावात एकही आकडा लिहायच्या आधी तिथला शेवटचा नळ शोधायचा. त्याच्याजवळ खोली घ्यायची. वर्षभर आपण दोघं तिथं पाणी भरू. मग ठरवा दर."

"वर्षभर?" तो हसला, डोळ्यांत पाणी घेऊन. "अन् चुकला तर?"

"तर मी आहे ना भांडायले," मी म्हणाले, आणि त्याची बॅग उचलून घरात नेली.